वायर पुरत नाही

हातात धरून चालवायची यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांत वायरची लांबी ठरवणारा कुणीतरी साहेब असणार. त्याच्या घरी टेबल भिंतीला लागून असणार, टेबलाच्या वर वीतभर अंतरावर प्लग असणार, आणि कापायचं जे काही असेल ते आपल्या पायांनी चालत टेबलावर येत असणार. त्याशिवाय हँड ग्राइंडरला दोन मीटर वायर पुष्कळ झाली, असं कुणाला वाटणार नाही. हा साहेब आमच्या सोनपेठला कधी आलेला नाही, एवढं मी नुसता खोका उघडून सांगू शकतो.

आमच्याकडच्या जुन्या घरांत बिजलीचा बोर्ड माणसाच्या खांद्याच्या उंचीला असतो. लाइट नवीनवी आली तेव्हा ती लेकरांपासून, ओल्या फडक्यांपासून आणि शक्य झालं तर मोठ्यांपासूनही दूर ठेवायची वस्तू होती. म्हणून बोर्ड जमिनीपासून पाच फुटांवर, तोही ओसरीत, दाराच्या आतल्या अंगाला. आता दोन मीटर म्हणजे साडेसहा फूट. त्यातले पाच फूट भिंतीवरून जमिनीपर्यंत उतरण्यात जातात. उरलेल्या दीड फुटात काय करायचं ते करा. अंगणातल्या लोखंडी फाटकाची बिजागरी घासायची असेल, तर दोनच मार्ग राहतात. वायर फाटकापर्यंत न्या, किंवा फाटक काढून ओसरीत आणा. दुसरा मार्ग आमच्या गल्लीत वापरला गेलेला आहे. त्या घरात फाटक लागलं नव्हतं त्या संध्याकाळी कोणाची म्हैस कुठवर गेली, ती वेगळी कथा आहे.

यावर सगळं गाव एक्स्टेंशन बोर्ड वापरतं. लाकडी पेटी, दोन प्लग, एक बटण, लाइट आहे की गेली हे सांगणारा एक तांबडा दिवा आणि मागे लांबच लांब वायर. पेटी देखणी असते, पण त्या वायरच्या दुसऱ्या टोकाला पिन असेलच असं नाही. पुष्कळदा दोन उघडी टोकं असतात. ती भोकांत खुपसायची आणि हलू नयेत म्हणून काडेपेटीच्या दोन काड्या बाजूने ठोकायच्या. मराठवाड्यात काडेपेटीचा जितका वापर चूल पेटवायला झाला, त्याच्या बरोबरीने तो लाइट घट्ट बसवायला झाला असावा. मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे अशी जोडणी दिसली की मी रागावतो. समोरचा माणूस आदराने ऐकून घेतो, 'बरोबर आहे सर' म्हणतो आणि काडी जरा आणखी आत दाबतो.

एक्स्टेंशनवर ग्राइंडर चालवण्यात खरी अडचण निराळी आहे. मशीन आणि पेटी यांच्यात ती दोन मीटरची वायर राहतेच. तुम्ही पाऊलभर पुढे सरकलात की पेटी तुमच्या मागे फरफटत येते आणि एखाद्या चिऱ्याला अडकली की पिन निसटते. ऐन रंगात आलेलं काम थांबतं. पावसाळ्यात ही पेटी अंगणातल्या काळ्या मातीत बसते. आमची काळी माती एकदा धरली की चप्पलही सोडत नाही, तिथे पेटीची काय कथा. म्हणून मी ठरवलं, की मशीनची मूळची वायरच काढून टाकायची आणि थेट पंधरा मीटरची बसवायची. मध्ये पेटी नाही, सांधा नाही, काडी तर नाहीच.

अशा कामाला आमच्याकडे एकच ठिकाण, मोटार रिवायंडिंगचं दुकान. ऊस-कापसाच्या या तालुक्यात डॉक्टरांपेक्षा रिवायंडिंगवाल्याचा दरवाजा जास्त वेळा वाजतो. दुकानासमोर विहिरींतून काढून आणलेल्या जळक्या मोटारी ओळीने पडलेल्या, आत व्हार्निशचा वास, छताला तांब्याच्या तारेची वेटोळी आणि मध्ये पाटावर बसलेले मामा. सगळा गाव त्यांना मामा म्हणतो, म्हणून मीही म्हणतो. मी ग्राइंडर समोर ठेवला आणि पंधरा मीटर वायर लावा म्हणालो.

मामांनी चष्म्यावरून पाहिलं. "पंधरा मीटर? सर, हिला विहिरीत सोडायलाव का काय?"

मी फाटकाचं, बोर्डाचं आणि पाच फुटांचं सगळं गणित सांगितलं. त्यांनी ते गंभीरपणे ऐकलं. मग म्हणाले, "लांबी फुकट नसती सर. तुमच्या शेतावर पाइपलाइन हाय ना? विहिरीपाशी पाण्याला जो जोर असतो, तो शेवटच्या वावरात राहतो का?"

हेच मी नववीच्या वर्गात सांगतो, फक्त माझ्या सांगण्यात पाइपलाइन नसते. ओहमसाहेबांनी १८२७ साली आपला नियम छापला. तारेचा रोध तिच्या लांबीबरोबर वाढतो आणि जाडीबरोबर कमी होतो, हे पोरं त्यापाठोपाठ पाठ करतात. पण बाकावर बसून पाठ केलेला रोध आणि दुकानात मीटरवर पैसे मोजून घ्यायचा रोध यांत फरक असतो. मी तिथेच एका पावतीच्या पाठीवर गणित मांडलं. ग्राइंडर ८५० वॅटचा. २३० व्होल्टवर तो पावणेचार अँपिअरच्या आसपास ओढतो. ०.७५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीला किलोमीटरमागे साधारण २६ ओहम रोध असतो. पंधरा मीटर जायचे, पंधरा यायचे, म्हणजे तीस मीटर. रोध पाऊण ओहमहून किंचित जास्त, आणि व्होल्टेजची घट तीनच्या आतबाहेर. वाटेत वायर तापवण्यात जाणारी शक्ती दहा-अकरा वॅट, एका एलईडी बल्बाएवढी. मी कागद विजयी मुद्रेने मामांपुढे धरला. तीन व्होल्टची ती काय मातब्बरी!

मामांनी कागद पाहिलासुद्धा नाही. भिंतीवरच्या मीटरकडे बोट केलं. संध्याकाळची वेळ होती, शेतांतल्या मोटारी सुरू झाल्या होत्या आणि काटा १९० च्या घरात थरथरत होता. "तुमी तीन व्होल्टची काळजी करायलाव. चाळीस तर डीपीपासून इथवर येस्तोवर गळाले. अन् ते गळतात म्हणून आमची चूल पेटते."

त्यांचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. दाब कमी झाला की ग्राइंडर नुसता मंदावतो, पण पंपाची मोटार तसं करत नाही. पाणी तर तेवढंच उपसायचं असतं, म्हणून ती करंट जास्त ओढते, वायंडिंग तापतं आणि एक दिवस जळकट वास सुटतो. मग बैलगाडीतून किंवा टेंपोतून ती मामांच्या दारात येते. डीपीपासून शेवटच्या वावरापर्यंत खांबांवरून गेलेली कमी दाबाची लांबलचक तार हेच त्यामागचं कारण. म्हणजे मला अंगणात जे करायचं होतं, तेच वीज खात्याने वर्षानुवर्षं शिवारात करून ठेवलं होतं, आणि तेही जाडी न वाढवता. २०१८ मध्ये महावितरणने उच्चदाब वितरणाची योजना आणली. एक-दोन शेतकऱ्यांना मिळून एक छोटा ट्रान्सफॉर्मर द्यायचा, म्हणजे ११ हजार व्होल्टची तार थेट विहिरीजवळ येते आणि कमी दाबाची शेपटी आखूड होते. कल्पना उत्तम. मामांनाही ती पटते. फक्त पटल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर दिसत नाही.

लांब वायरीवर इलाज दोनच, जाडी वाढवा किंवा दाब वाढवा. महाराष्ट्रातल्या मोठ्या वायरींपैकी एक चंद्रपूरहून मुंबईजवळच्या पडघ्याला जाते. तिची लांबी ७५२ किलोमीटर, आणि १९९९ च्या सुमारास सुरू झाल्यापासून तिच्यातून १५०० मेगावॅटपर्यंत वीज नेता येते. त्यासाठी दाब ५०० किलोव्होल्ट ठेवावा लागला, शिवाय वीज एकाच दिशेने वाहणारी करून न्यावी लागली. कोळसा विदर्भात आणि प्लग मुंबईकडे, अशी ती अडचण होती. मला अंगणात ५०० किलोव्होल्ट आणणं शक्य नव्हतं. (घरात विचारलंही नाही.) राहिली जाडी.

खरं तर वायर आखूड का ठेवतात, याची कारणं कंपनीकडे तयार असतात आणि त्यांतली काही प्रामाणिकही असतात. चहाच्या किटलीची वायर मुद्दाम आखूड ठेवतात, लेकरानं ओढून उकळतं पाणी अंगावर घेऊ नये म्हणून. मिक्सरचीही वायर आखूड असते, त्यामुळे आमच्याकडे नवा ओटा बांधताना गवंडी आधी विचारतो, "मिक्सर कुठं ठेवणार?" आणि उरलेलं स्वयंपाकघर त्या उत्तराभोवती उभं राहतं. फ्रिजनं घरातली कोणती भिंत घ्यायची, इस्त्री कोणत्या खोलीत व्हायची, दाढी करताना तोंड पूर्वेला असावं की पश्चिमेला, हे सगळं वास्तुशास्त्रानं ठरतं असं लोक समजतात. ते वायरच्या लांबीनं ठरतं. पण ग्राइंडर काही ओट्यावर ठेवायची वस्तू नाही. तो हातात घेऊन कामापाशी जायचं असतं. त्याला दोन मीटरचं दावं बांधण्यामागे तांब्याचा भाव सोडून मला दुसरं कारण दिसत नाही.

तांब्याचा भाव दुकानदारालाही कळतो. बाजारात ९० मीटरचं बंडल मिळतं, सुटी वायर मीटरवर मिळते, आणि स्वस्त वायर दाखवताना दुकानदार 'एकदम कॉपर' असं जरा मोठ्या आवाजात सांगतो. मामांनी मला ब्लेड दिलं आणि तारेचा एक केस खरवडून पाहायला सांगितलं. आतून पांढरी निघाली तर वरचा तांबडा रंग नुसता मुलामा, पोटात ॲल्युमिनियम. सोयरीक जमवतानाही लोक इतकं खरवडून पाहत नाहीत, पण मी पाहिलं. आतपर्यंत तांबडी निघाली ती घेतली.

मला दीड एमएमची हवी होती. गणितात ती शोभून दिसत होती. पण मामांनी ग्राइंडरची मूठ उघडली आणि गणित तिथेच अडलं. मूठ म्हणजे प्लॅस्टिकची दोन कवचं, चार स्क्रूंनी आवळलेली. आत बटण, कार्बन ब्रश, एक चिमुकला कपॅसिटर. वायर जिथून आत शिरते तिथे रबरी नळी आणि तिच्या आत वायरला आवळून धरणारी दोन स्क्रूंची पट्टी. जाड वायर त्या नळीतून जाईना. कापून, सोलून, तेल लावून जाईना. "गळाच लहान हाय," मामा म्हणाले, "हिला पुरणपोळी एकदम कशी गिळवायची?" शेवटी एक एमएमवर तडजोड झाली. घट तीन व्होल्टवरून सव्वादोनवर आली. माझ्यातला मास्तर सुखावला, ग्राइंडरला मात्र काही फरक पडल्याचं दिसलं नाही.

मामांचं सगळं लक्ष त्या पट्टीवर होतं. वायर बदलणारे शंभरातले बहुतेक लोक तारा नीट जोडतात आणि ही पट्टी विसरतात, असं त्यांचं मत. मग कुणी वायरला झटका दिला की ओढ थेट बटणाच्या स्क्रूवर येते, तार निसटते आणि धातूच्या अंगाला लागते. ओढ पट्टीनं खायची, तारेनं नाही. आत दोनच तारा होत्या, हिरवी तिसरी नव्हती. मी विचारण्याआधीच त्यांनी मशीनवरची खूण दाखवली, चौकोनात चौकोन. अशा मशीनला दुहेरी आवरण असतं, तिला अर्थिंग लागत नाही. तीन पिनांच्या टॉपमध्ये वरची जाड पिन नुसती मानाची. एरवी ती जाड आणि लांब करण्यामागे हिशोब असतो. पिन खुपसताना आधी जमिनीशी नातं जुळावं, मग वीज यावी. आमच्या घरात हे नातं परसात पुरलेल्या पाइपापर्यंत जातं. सभोवती मीठ-कोळसा आणि उन्हाळ्यात वरून बादलीभर पाणी. मे महिन्यात काळ्या मातीला बोटभर भेगा पडतात तेव्हा तुळशीच्या आधी त्या पाइपाला पाणी मिळतं.

मूठ मिटताना मामांनी एक वाक्य टाकलं, "बनी तो बनी, नाही तर परभणी." हे ते प्रत्येक मशीन बंद करताना म्हणतात. गिऱ्हाईक परभणीचं असलं तरी म्हणतात. मशीन सुरू झाली.

या वायरचं दुसरं टोक नक्की कुठे आहे, हा विचार त्यानंतर मला सुचला आणि मग सोडवेना. पिन भिंतीत संपते असं आपण धरून चालतो. पण ती तार पुढे खांबावर जाते, डीपीवर जाते, उपकेंद्रात जाते, आणि मागे मागे गेलं तर एक फाटा परळीच्या थर्मलपर्यंत पोचतो. परळी जवळच. १९७१ पासून तिथे वीज तयार होते. वीज करायला वाफ लागते, वाफेला पाणी, आणि ते पाणी जातं आमच्या सोनपेठ तालुक्यातल्या खडक्याच्या बंधाऱ्यातून. म्हणजे गोदावरीचं पाणी इथून निघतं, परळीला जाऊन वाफ होतं, तार धरून सगळ्या ग्रिडभर हिंडतं आणि त्यातली कुठली तरी वीज माझ्या ग्राइंडरमध्ये येते. नेमकी कुठली, ते विजेलाही ठाऊक नसणार. पण २०१३ च्या फेब्रुवारीत दुष्काळानं खडक्याचं पाणी आटलं आणि परळीचे संच बंद पडले, तेव्हा ही वायर खरं तर नदीत सोडलेली आहे हे सगळ्यांना कळलं. मामांनी मशीन विहिरीत सोडायची का असं विचारलं होतं ते अगदीच चेष्टेनं घ्यायला नको होतं.

पुतण्या पुण्याहून आला होता. त्यानं पंधरा मीटरचं वेटोळं पाहून कपाळाला हात लावला. "काका, बॅटरीवरची घ्यायची ना. वायरच नको." त्याचा मुद्दा जुनाच आहे. श्टुटगार्टच्या फाइन बंधूंनी १८९५ साली हातात धरायचं पहिलं विजेचं ड्रिल केलं, तेव्हापासून वायर कुठवर पुरेल हा प्रश्न आहेच. अमेरिकेत ब्लॅक अँड डेकरनं १९६१ साली बिनवायरचं ड्रिल काढलं, आणि १९७१ मध्ये अपोलो १५ चे अंतराळवीर बॅटरीवरच्या ड्रिलनं चंद्राला भोकं पाडून आले. चंद्रावर बोर्ड किती फुटांवर आहे हे पाहायची सोयच नव्हती, त्यामुळे त्यांचं मला पटतं. सोनपेठात लाइट गेल्यावरही बॅटरीची मशीन चालते, हेही मी मान्य करतो. पण पुतण्यानं पिशवीतून आपली मशीन काढली तेव्हा बॅटरी उतरलेली होती आणि चार्जरची वायर होती जेमतेम एक मीटर. ती पाच फुटांवरच्या बोर्डात लावली, तेव्हा मशीन भिंतीवर अधांतरी लोंबकळायला लागली. शेवटी तिच्याखाली स्टूल आणि स्टुलावर धान्याचा डबा ठेवावा लागला.

लांब वायरला सांभाळावं लागतं, हे मात्र खरं. कोपर आणि अंगठ्याभोवती झपाझप गुंडाळायची आपली जुनी सवय मामांनी बंद करायला लावली. त्यानं तारेला पीळ बसतो आणि पुढच्या खेपेला ती अंगणात सापासारखी आपल्या मनानं वळते. मोठी सैल वेटोळी घालायची. आणि वापरताना सगळी उलगडायची. गुंडाळलेली ठेवून तासभर मशीन चालवली, तर वाटेत जाणारे ते आठेक वॅट आतल्या आत साठतात आणि वेटोळं हाताला गरम लागतं. घरातल्या लोकांचा आक्षेप वेगळा आहे. अंगणभर पसरलेली वायर त्यांना ओलांडावी लागते. शेजारची लेकरं तिच्यावरून उड्या मारून खेळतात. शेळी हुंगून जाते. पाहुणे तिच्याकडे आदरानं बघत, धोतर सावरत, जरा जास्तच उंच पाय उचलून पलीकडे येतात.

याहून मोठी भानगड मी लक्षातच घेतली नव्हती. 'वायर पुरत नाही' हे वाक्य किती कामाचं होतं! कुणी म्हणायचं, "सर, आमच्या जिन्याच्या रेलिंगला जरा घासून द्या." मी म्हणायचो, "दिलं असतं हो, पण वायर पुरत नाही." यात नकार नव्हता, आळस नव्हता, कुणाचा अपमान नव्हता. निसर्गानंच घालून दिलेली मर्यादा असल्यासारखं समोरचाही मान डोलवायचा. आता गल्लीतल्या दोन्ही बाजूंच्या घरांच्या दारापर्यंत माझी वायर पोचते आणि हे सगळ्यांना माहीत आहे. एकानं तर पावलांनी अंतर मोजून आधीच खात्री करून घेतली. समोरच्या घरातली बिजागरी, डाव्या हाताच्या घराचं कूलरचं स्टँड, कोपऱ्यावरच्या आजींच्या खाटेचा पाय, असं सगळं लोखंड माझ्या कक्षेत आलं. आजींनी तर खाट आधीच दारात आणून ठेवली होती. "वायर लांब केलीस ते चांगलं केलंस रे बाबा," म्हणाल्या, "आता खाट तुझ्याकडं आणायला नको."

परवा गणेश मंडळाची पोरं आली. मांडव कोपऱ्यावर, लाइट घ्यायची आमच्या ओसरीतून, आणि त्यांच्याकडची वायर नेमकी तीन हात कमी.

"सर, ती तुमची लांब वायर पाहिजे होती. दहा दिवस."

"अरे, पण ती मशीनला जोडलेली आहे."

"मशीन नको सर. मशीन काढून ठेवतो अन् तिथं बोर्ड बसवतो. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी होती तशी जोडून देतो, मामा हायेत की."

मी म्हणालो, त्या पट्टीचं काय, ती कोण आवळणार? त्यावर सगळ्यांत लहान पोरानं खिशातून काडेपेटी काढून दाखवली.